अंबुबाईचे चौदा मणी

अंबुबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षभरात तिचं वजन अकरा किलोनं वाढलं होतं, आणि ते कुणी वाढवलं हे देवऋषी नागोजी सांगणार होता. अर्धं नंदगड लोटलेलं. शेजारीण म्हणून मीही जपमाळ सावरत पुढेच बसले होते.

"चरबी न्हाय ही, करणी हाय," नागोजी डोळे मिटून म्हणाला. "वर्सात घरात नवं कोण आलंय?"

नवी एकच, सून रचना. नागोजीनं सासू-सुनेच्या तळहातांना हळद फासली. अंबुबाईच्या हातांवर एका तांब्यातलं पाणी ओतलं. हळद पिवळीच राहिली. रचनाच्या हातांवर दुसऱ्या तांब्यातलं ओतलं आणि हात लालभडक झाले. बायका मागं सरकल्या. हिला उद्याच्या उद्या माहेरी धाडा, असं नागोजीनं फर्मावलं. हात कुठं लपवावेत तेच रचनाला कळेना.

पूजेचं कुंकू मी घरीच करते. हळद लाल कशानं होते, हे मला नागोजीइतकंच ठाऊक. मी हळद लावून हात पुढं केले. त्याच तांब्यातलं माझ्यावरही ओता म्हटलं.

"तुमी देवमाणूस आक्का, तुमास्नी कशाला?"

मग मीच तांब्या कलता केला. माझेही हात लाल.

"आता मलाबी म्हायेरी धाडा," मी म्हटलं. "फकस्त तिथं कोण उरलं न्हाय बघा."

पहिलं हसू रचनालाच फुटलं. तांब्यात चुन्याची निवळी होती, दिसायला पाण्यासारखी. नागोजीनंच नजर काढायला आणलेलं लिंबू मी तिच्या तळहातावर पिळलं, तशी लाल हळद पुन्हा पिवळी झाली. गावाला असा पाण्यातून चुना लावणारा नागोजी, बस चुकेल म्हणत पिशवी उचलून गेला.

"मग माझं वजन कशानं वाढलं गं आक्का?" अंबुबाई हिरमुसून म्हणाली.

मी तिला जपमाळ दिली. उद्या तोंडात काही गेलं की एक मणी सरकव म्हटलं.

"उद्या तर माझा उपास हाय."

"मग तर सोपंच हाय की."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चौदा मणी सरकले होते. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस, केळी, चहा, परत लाडू. उपासाचं म्हणून तिच्या लेखी ते खाणंच नव्हतं. सून आल्यापासून वजन वाढलं, हे मात्र खरं. पूर्वी शेतावर राबून ती दोन वेळा भाकरी खायची, उपास आठवड्याला एक. आता कामं रचना करते, ही बसते, आणि बसल्या जागी उपास चार झाले.

अंबुबाईनं मणी पुन्हा मोजले आणि रचनाला जवळ बसवलं. "चुकलं माझं, पोरी. उद्यापास्नं शेताकडं मी जाते. डब्यात दोनच भाकरी घाल."

देव मीही मानते. पण माझा देव सुनेच्या हातावर चुना ओतत नाही. अंगावर काय चढलंय ते देवऋषीला नको, आधी आपल्या ताटाला विचारा. मी विचारलं. माझे अकरा मणी निघाले.