मागच्या बाकावरचा उद्धव

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. अमडापूरजवळच्या एका खेड्यात, कौलारू प्रार्थनामंदिरात, अगदी मागच्या भिंतीशी माझी जागा आहे. माझ्यावर आजही कोणी आपखुशीने बसत नाही. का, ते सांगतो.

मोतीराम सुताराने मला कडुलिंबाच्या लाकडातून घडवलं. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्यावरून तळहात फिरवला, कुठे कुसळ लागत नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाला की यावर म्हातारी माणसं सुखाने टेकतील. पहिली काही वर्षं तसंच झालं. दुरून चालत आलेल्या बाया माझ्यावर दम खात, लेकरं झोपी जात. मला मोठा अभिमान वाटे.

मग किसनराव इथल्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी झाले. माणूस सचोटीचा, उपासप्रार्थनेचा, पण मनाने खडक. ज्याच्या हातून पाप घडलं त्याने पश्चात्ताप पुरा होईपर्यंत मागच्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या भाकरीला हात लावायचा नाही, असा नियम त्यांनी पंचांकडून करून घेतला. तेव्हापासून आया आपली लेकरं माझ्यापासून ओढून नेऊ लागल्या.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका रविवारी उद्धव गवंडी उपासनेत आपणहून उभा राहिला. त्याची लेक पद्मजा सातवीची फायनल पहिल्या वर्गात पास झाली होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं. पण ख्रिस्ती म्हटल्यावर मागास जातींना असलेली शिकण्याची सवलत मिळत नव्हती. तेव्हा उद्धवने अर्जावर आपल्या आजोबांचा जुना धर्म लिहून दिला. पोरगी बुलढाण्याच्या वसतिगृहात गेली आणि इकडे बापाचा घास गोड लागेना.

“म्या कागदावर प्रभूले नाकारलं,” एवढंच तो बोलला आणि रडला. कोणी विचारलं नव्हतं. कोणाला ठाऊकही नव्हतं.

किसनराव म्हणाले, पोरीला परत आण, अर्ज रद्द कर, मग तुझा पश्चात्ताप खरा. उद्धवने नकारार्थी मान हलवली. चूक माझी आहे, तिची शाळा मी मोडणार नाही, म्हणाला. आणि माझ्यावर येऊन बसला.

वीस महिने बसला. एक रविवार चुकवला नाही. महिन्यातून एकदा पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येत आणि सांगत की देवाच्या प्रीतीला अट नसते. सगळी मंडळी आमेन म्हणे. त्यानंतर भाकरीचं ताट फिरे, माझ्या पुढच्या बाकापर्यंत येई आणि तिथून मागे वळे. चुन्याने फाटलेले हात मांडीवर पालथे घालून उद्धव खाली पाहत राही. त्याचं वजन मला कळायचं, मित्रांनो. ते दर महिन्याला कमी होत होतं.

शेवटी तो खाटेला खिळला. त्याची बायको प्रेमला किसनरावांच्या दारी गेली आणि भाकरीचा एक तुकडा घरी पाठवा म्हणून विनवू लागली. निरोप मिळताच पाळक सायकल मारत आले. किसनराव म्हणाले, “रविवारी पंच बसतीन. नियम सगळ्याईले सारखा आहे.” पाळक वयाने लहान होते. किसनरावांपुढे त्यांची जीभ रेटली नाही.

शुक्रवारी उद्धव गेला. पद्मजाचं शिक्षण संपायला चार महिने उरले होते. प्रेमला पुन्हा मंदिराची पायरी चढली नाही.

पुढच्या वर्षी ईस्टरला पद्मजा आली. आता ती मास्तरीण झाली होती. पुढे जागा असताना ती सरळ मागे आली आणि बाप बसायचा तिथे बसली. त्या दिवशी ताट मागे वळलं नाही. किसनराव स्वतः ते घेऊन माझ्यापर्यंत आले.

पद्मजाने ताटाकडे पाहिलं. “माह्या बापाले नाही देल्लं हे. मले काऊन देता, काका?”

किसनरावांनी जाऊन ताट मेजावर ठेवलं आणि परत आले. “माह्या हातून पाप झालं, बाई,” ते म्हणाले. “मी बसू का अथी?”

क्षमा केली, असं ती म्हणाली नाही. तिने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती बाजूला सरकली. किसनराव बसले. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली. त्या दिवशी दोघांनीही भाकर घेतली नाही.

पुढे किसनरावांनी तो नियम मोडला. फार मवाळ झाले, असं लोक कौतुकाने सांगतात. खरं असेल. पण उद्धव उपाशी गेला, हेही खरं आहे. देवाने त्याला दारात थांबवलं नसेल अशी माझी आशा आहे; मी लाकूड, मला याहून जास्त काय कळणार?

मित्रांनो, चुकलेला माणूस आपल्या पायांनी तुमच्यापाशी आला, तर त्याच्या रडण्याचं माप काढत बसू नका. हातात असेल ते आधी द्या. मेलेल्याच्या तोंडी घास लागत नाही.