फरशीवरचं झाड

आर्डिस हालवर्सनने शेजारची खुर्ची अडवायला ठेवलेला कोट उचलला आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, हार्लन ब्रँटला, बसू दिलं. नाइलाजच होता. शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ पडत होता, बुटांबरोबर आत आलेल्या बर्फाचा राखाडी चिखल झाला होता, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी आपापल्या तरुणपणीची शाळेची हिरवी जाकिटं अंगात कशीबशी कोंबली होती. हार्लनच्या जाकिटाची बटणं काही पोटावर लागत नव्हती.

"तिघं इकडे, तिघं तिकडे," तो पुटपुटला. "म्हणजे शेवटचं मत तुमच्या लेकीचं."

"गणितात सुधारलास की," आर्डिस म्हणाली. पण तिची नजर मंचावरून हलली नाही.

मंचावर मधल्या खुर्चीत लिनेट बसली होती, शाळा मंडळाची अध्यक्ष. ठरवायचं होतं ते हे, की गावातलं हे हायस्कूल बंद करून मुलांना नदीपलीकडे ईस्टनच्या शाळेत पाठवायचं की नाही. ईस्टन, ज्यांच्याशी दर शरद ऋतूत फुटबॉलचा सामना व्हायचा आणि हरलं की गावभर सुतक असायचं. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून मुलं रोडावली होती. वर्ग गरम ठेवणारा बॉयलर मनाला येईल तेव्हा चालत होता, आणि ऐन तासाला रसायनशास्त्राच्या वर्गात छताचा पोपडा खाली आला होता. आर्डिसला हे सगळं ठाऊक होतं. तिचा सगळा जन्म इथे इतिहास शिकवण्यात गेला होता. शाळेचा इतिहासही तिनेच लिहिला होता, आणि ते पुस्तक गावात घरोघरी बायबलशेजारी होतं. बायबलइतकंच वाचलं जायचं.

नाताळानंतरच्या रविवारी जेवताना ती लेकीला म्हणाली होती, की शाळा बंद केलीस तर या घरात पाऊल टाकू नकोस. लिनेटने काटा खाली ठेवला, सगळ्यांची ताटं धुतली आणि निघून गेली. त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

एकेकाचं नाव पुकारलं गेलं. हो. नाही. नाही. हो. हार्लनचा हिशोब बरोबर निघाला. मग लिनेटने स्वतःचंच नाव वाचलं आणि पाण्याचा पेला जवळ ओढला, पण प्यायली नाही.

"हो," ती म्हणाली. "शाळा बंद करावी."

आरडाओरडा झाला असता तर परवडलं असतं. लोक गुपचूप उठले आणि बाहेर गेले, पण घरी कोणी गेलं नाही. दर्शनी दालनात सगळे थांबून राहिले.

त्या दालनाच्या जमिनीत, रंगीत फरशीच्या तुकड्यांचं शाळेचं चिन्ह होतं, गोल रिंगणात पाइनचं झाड. त्यावर कुणी पाय ठेवत नसे. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी हे कळायचं, आणि ज्याचा पाय पडेल त्याने मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसून दात घासायच्या ब्रशने ते झाड घासायचं. युद्धावरून परत न आलेल्या मुलांचा मान म्हणून ही प्रथा पडली, असं आर्डिसच्या पुस्तकात आहे. खरं म्हणजे चिखल पुसून वैतागलेल्या शाळेच्या एका शिपायाने एका हिवाळ्यात तिथे दोरी बांधली होती. दोरी कुजून गेली, लोक वळसा घालतच राहिले. हे आर्डिसला पुस्तक लिहितानाच कळलं होतं. तिने ते लिहिलं नाही.

नववीत असताना लिनेट उशीर झाला म्हणून धावत आली आणि तिचा पाय त्या झाडावर पडला. देखरेखीला आर्डिसच होती. तिने स्वतःच्या हाताने ब्रश दिला आणि शेवटचा तुकडा चकचकीत होईपर्यंत उभी राहिली. पोटच्या पोरीलाही सूट नाही, म्हणून गावाने तिचं कौतुक केलं. लिनेट रडली नाही. घरी दोघींनी तो विषयच काढला नाही.

आता त्याच दालनात लोक दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत दाटून उभे होते. वळसा घालायला वाटच नव्हती. कुणी ठरवून केलं नव्हतं, पण कुणी हलतही नव्हतं. लिनेट कोट घालून, फाइल काखेत मारून आली आणि रिंगणाच्या कडेला थबकली.

"जरा बाजूला होता का, हार्लन?"

"आता कशाला वळसा?" हार्लन म्हणाला. "शाळा तर तुडवलीसच. हेही तुडव आणि जा घरी."

लिनेटने खाली पाहिलं. तिच्या बुटांची टोकं रिंगणाच्या अलीकडेच होती, आणि तिथून ती पुढे सरकेनात. मघाशी हो म्हणताना आवाजही न कापलेली ही बाई मान खाली घालून, नववीतल्या पोरीसारखी उभी होती.

पलीकडे, दाराशी उभ्या असलेल्या आर्डिसने ते पाहिलं. तिचा राग तिळभरही उतरला नव्हता. लेक चुकली असंच तिला वाटत होतं, आणि मरेपर्यंत वाटणार होतं. तिने दाराची मूठ सोडली.

तिचा ओला बूट झाडाच्या शेंड्यावर पडला तेव्हा कुणीतरी श्वास आत ओढला. दुसरा पाय खोडावर. मागे राखाडी पाण्याचे ठसे उमटले.

"मिसेस हालवर्सन," हार्लन हळूच म्हणाला. तिने मान वळवली नाही. मधोमध थांबून तिने हात पुढे केला.

"ये. हात धर माझा. ओलं आहे, घसरशील."

"आई, तू झाडावर उभी आहेस."

"दिसतंय मला," आर्डिस म्हणाली. "तो ब्रश अजून आहे माझ्याकडे. उद्या सकाळी दोघी येऊन घासू."

लिनेटने फाइल दुसऱ्या काखेत घेतली, आईचा हात धरला आणि पाय उचलला.