हाय तसा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. कळंबच्या बसस्थानकासमोर शांतलिंगअप्पांच्या स्टुडिओत स्टँडवर उभा असतो.

नवा होतो तेव्हा माझा मोठा थाट होता. येरमाळ्याच्या यात्रेत लोक माझ्यासमोर रांग लावत. कुणाचा दात पडलेला, कुणाचा डोळा तिरका. फोटो हाती आला की सगळे खूश. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. माझ्या वाट्याला परीक्षांच्या अर्जांचे फोटो उरले. तेही मी काढतो तसे राहत नाहीत, याचाच मला संताप येतो.

शिवप्रिया येरमाळ्याची. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून काळसर डाग आहे. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी फोटो काढायला ती आईबरोबर आली. मी काढलेला फोटो पडद्यावर पाहताच तिचा चेहरा पडला.

"अप्पा, तेवढा डाग काढा की."

अप्पांनी डाग पुसला. मग नाक बारीक झालं, रंग उजळला, हनुवटी निमुळती झाली. तरी तिचं समाधान होईना.

"आगं, बास की आता! वळखू तरी यिल का?" तिची आई पार्वतम्मा वैतागली.

"आई, वर्गातल्या पोरी हसत्यात मला. तुला न्हाय कळायचं."

मी तिथंच उभा होतो, पण मला कोण विचारतो?

परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या बाईंनी तिला दारातच अडवलं. हॉलतिकिटावरची मुलगी आणि समोरची मुलगी जुळेना. खात्री पटेपर्यंत पेपर सुरू झाला होता. रडत रडत तिनं तो अर्धाच सोडवला. प्रवेश हुकला.

हे तिनंच अप्पांना सांगितलं, पुढच्या वर्षी आईबरोबर पुन्हा फोटोला आली तेव्हा. तिनं जुना फोटो उघडायला लावला आणि बघत राहिली.

"दिसायला लई चांगली हाय ही. पर हिच्यापायी माझं वरीस गेलं."

"मग आता कसा काढू, पोरी?"

"हाय तसा."

ती माझ्यासमोर बसली. पण अप्पांनी बटणावर बोट ठेवताच तिची मान आपोआप डावीकडं वळली आणि डाग लपला. अप्पांनी सरळ करायला सांगितली. पुन्हा वळली. माझा जीव नुसता तडफडत होता. राग तिचा नव्हता. तिला मान वळवायला शिकवणाऱ्यांचा होता.

शेवटी पार्वतम्मा माझ्यामागे येऊन उभी राहिली. "हिकडं, माझ्याकडं बघ."

तिची मान सरळ झाली आणि तेवढ्यात मी फोटो टिपला.

मित्रांनो, माझी काच मऊ कापडानं पुसत जा, एवढंच माझं मागणं. आणि माझ्यासमोर बसलेल्या कुणाच्याही चेहऱ्याला हसू नका. त्याला मान सरळ ठेवायला किती जोर लागतो, ते मी पाहिलंय.