उसवलेली निळी पट्टी

गावचे वतनदार अदिपती विर्योनेगोरो यांना स्वातंत्र्य मान्य होतं. फक्त ते त्यांच्या पायाशी बसून वाचलं जावं, एवढीच त्यांची अट होती.

"खाली बसायचं, हात जोडायचे, मग वाचायचं," ते शाळेच्या लास्मिनीबाईंना म्हणाले. "आणि पोरांना नेहमीसारखं रांगत आणा. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

देश स्वतंत्र झाल्याचं जाकार्तात जाहीर होऊन आठवडा होत आला होता. जाहीरनाम्याचा मजकूर अवघ्या दोन वाक्यांचा. जावातल्या या लहानशा गावात तो खणखणीत वाचेल असा आवाज शाळेच्या बाईंचाच, म्हणून त्यांना अदिपतींच्या मंडपात बोलावणं आलं होतं.

"सरकार, हा मजकूर बसून कसा वाचायचा?"

"डच राणीचं मानपत्र वाचलंत ना बसून? तसाच."

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं, ते त्यांनी गिळलं. रमजानच्या रोज्यात तेवढंच गिळायची मुभा होती.

या माणसाने डच राणीच्या वाढदिवसाला दारात कमान उभारली होती. जपानी आले तेव्हा तीच कमान नवा कागद चिकटवून पुन्हा उभारली. मग तीन वर्षं रोज सकाळी सगळ्या गावाला तोक्योच्या दिशेने वाकायला लावलं. सगळ्यांत खाली अर्थात स्वतःच वाकायचे. तसली मऊ कंबर पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

बाहेर पायरीवर म्हातारा नोकर सोमो जुना डच झेंडा मांडीवर घेऊन निळ्या पट्टीचे टाके काढत होता. लाल आणि पांढरा उरला की झाला आपला झेंडा.

"फाडून टाका की टर्रकन," बाई म्हणाल्या.

"उसवायची, फाडायची नाही, असा हुकूम आहे. घडी घालून कपाटात ठेवायचीय."

"कशाला?"

"गोरे परत आले तर पुन्हा टाके घालायला. दुसरं कशाला?"

बाई घरी गेल्या, पण मन थाऱ्यावर नव्हतं. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराला अक्षरांच्याही आधी मंडपात मान खाली घालून रांगायला शिकवावं लागे. उद्याही पोरं रांगली, तर मजकुरात काहीही लिहिलेलं असो, ती रांगणंच शिकणार होती.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. अदिपतींनी खुर्चीत बसून बोटाने जमीन दाखवली. पोरांचे गुडघे आपसूक वाकले.

"उभे राहा," बाई म्हणाल्या.

"बाई, सरकार रागावतील," चिमुरडी वातिक कुजबुजली.

"रागावू देत."

आणि बाईंनी उभ्यानेच वाचलं. अदिपतींना राग नीट चढेपर्यंत दोन्ही वाक्यं संपलीसुद्धा.

"बसा!" ते ओरडले. "सगळे खाली बसा!"

मागची माणसं चुळबुळली, वाकू लागली. पोरं बाईंकडे बघत अर्धवट ओणवी झाली. इकडे सोमोने दोरी ओढली, झेंडा वर सरकला, आणि चौकीच्या शिपायाने रोज सकाळच्या सवयीने आरोळी ठोकली, "वंदन!"

अदिपती ताडकन उठले, गर्रकन तोक्योच्या दिशेला वळले आणि कमरेतून वाकले. झेंडा राहिला त्यांच्या पाठीमागे.

"बाई," वातिकने मोठ्याने विचारलं, "सरकार झेंड्याला काय दाखवतायत?"

अंगण हसून फुटलं. बसायला निघालेली माणसं नीट दिसावं म्हणून उठली, पोरं टाचा उंचावून बघू लागली.

अदिपती सरळ झाले. लालबुंद तोंडाने पुन्हा "बसा!" म्हणाले. कुणीही बसलं नाही. ते आत निघून गेले.

सोमो खुर्ची उचलायला गुडघ्यांवर पुढे आला, मध्येच थांबला, इकडेतिकडे पाहिलं, उभा राहिला आणि चालत गेला.

"बाई, त्या निळ्या पट्टीचं काय करू?" त्याने विचारलं.

"नेऊन द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "कमरेला गुंडाळतील. आज लचकली असेल."