टाकीवर आडवा टाकलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उभा दरवाजा येत असेल. पण गेले सात महिने मी एका घराच्या मागच्या अंगणात, शौचालयाच्या अर्धवट टाकीवर आडवा पडून होतो. त्या सात महिन्यांत मी जेवढा घाबरलो, तेवढा आधीच्या चाळीस वर्षांत घाबरलो नव्हतो. एकदा चोरांनी मला लाथा घातल्या होत्या, तेव्हासुद्धा नाही.

मला एका अबोल सुताराने बनवलं. चार उभ्या फळ्या आणि मागून तीन आडव्या पट्ट्या, एवढंच माझं शरीर. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात जाणाऱ्या चौकटीत मला बसवलं. तेव्हा या घरातली आजी नवी सून होती आणि तिचे सासरे सुताराच्या डोक्यावर उभे राहून माझी एकेक फळी पारखून घेत होते. पावसाळ्यात घरातले बाकीचे दरवाजे फुगून बसायचे, त्यांना खांदा लावावा लागायचा. मी मात्र एका बोटाने उघडायचो. आजी आल्यागेल्याला मला उघडून दाखवायची. "दार असावं तर असं! सासऱ्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलंय," असं ती म्हणायची आणि मी हवेत तरंगायचो. खोटं कशाला बोलू, मला कौतुकाची चटकच लागली होती.

मग आजीच्या मुलाने जुनं घर पाडून नवीन बांधायला काढलं. मुलगा छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे पुस्तकं छापण्याआधी त्यांतल्या चुका शोधणारा. दुसऱ्याच्या लिखाणातला चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ त्याला दहा हातांवरून दिसतो. त्याची बायको दवाखान्यात परिचारिका आहे. त्यांना चार वर्षांची एक मुलगी आहे. ती एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. नव्या घरात नवे, गुळगुळीत, सगळे एकसारखे दरवाजे आले आणि मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. वाईट वाटलं, पण काय करणार!

सगळं काम एकाच कंत्राटदाराकडे होतं. माणूस गोड बोलायचा. कधीही विचारलं तरी "परवा करतो" म्हणायचा, म्हणून आजीने त्याचं नाव परवासाहेब ठेवलं होतं. त्याने टाकीसाठी माणूसभर खोल खड्डा खणला, आतून विटा बांधल्या, गिलावा केला, शौचालयाचा पाइप जोडला. वरचा स्लॅब मात्र अर्धाच भरला. उरलेल्या अर्ध्या भागावर नुसत्या सळया बाहेर आलेल्या. वायू जाण्याचा उंच पाइप बसवायचा होता, पाणी मुरवायचा खड्डा खणायचा होता. तेवढ्यात त्याला दुसरीकडे मोठं काम मिळालं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"हे दार टाकून ठेवू दोन दिवस. परवा येऊन स्लॅब भरतो," तो म्हणाला.

मित्रांनो, खरं सांगतो, मला आनंद झाला होता. भिंतीला टेकून दिवस काढण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावं, असं मला वाटलं. दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले, परवासाहेबांचा पत्ता नाही. घरात शौचालय एकच. त्यामुळे माणसं राहायला आली तशी टाकी वापरात आली आणि माझ्या पोटाखाली ती हळूहळू भरू लागली.

खालून सतत दमट वाफ यायची. चाळीस वर्षांचे पावसाळे मी अंगावर घेतले होते, पण ते वरून आले, आणि ऊन पडलं की वाळून जायचे. ही ओल खालून लागायची आणि वाळायची नाही. तिसऱ्या महिन्यात माझी मधली पट्टी मऊ पडली. चौथ्या महिन्यात एका फळीच्या आत काहीतरी कुरतडायला लागलं. वरून मात्र मी तसाच दिसायचो, उन्हात तापलेला आणि टणक.

एकदा परिचारिका नवऱ्याला सांगत होती, "अशा टाकीत पडलेला माणूस बुडूनच जातो असं नाही. आतल्या वायूने दोन श्वासांत शुद्ध जाते. आणि त्याला काढायला जो उतरतो, तोही जातो. आमच्याकडे असे दोघे भाऊ एकदमच आणले होते." मी ते ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली.

कारण भिंगरी माझ्यावर यायची. आजीने माझ्याभोवती चार कुंड्या मांडल्या, एक मोडकी खुर्ची आडवी लावली, भिंगरीला धाक घातला. पण चार वर्षांच्या मुलीला कुंडी ओलांडायला कितीसा वेळ लागतो? तिला वाटायचं, जमिनीत दार आहे म्हणजे खाली कुणाचं तरी घर आहे. ती गुडघ्यांवर बसून माझ्यावर टकटक करायची आणि वाकून विचारायची, "कुणी आहे का घरात? उघडा ना!"

मित्रांनो, कुणी दार वाजवलं की उघडायचं, एवढंच मला जन्मभर शिकवलेलं. आता उघडायचं नाही, हे मी म्हातारपणी शिकत होतो. तिचं इवलंसं वजन मधल्या फळीवर आलं की मी सगळ्या खिळ्यांनिशी स्वतःला घट्ट धरून ठेवायचो. आजी धावत येऊन तिला बखोटीला धरून न्यायची, तोवर माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मुद्रितशोधकाने कंत्राटदाराला किती फोन केले, त्याची गणती नाही. शेवटी त्याने तक्रार कार्यालयात अर्ज दिला. काही दिवसांनी एक तपासनीस छापील तक्ता घेऊन आला. नवराबायको कामावर गेलेले, घरात आजी आणि भिंगरी. मागच्या अंगणातला वास नाकात शिरला तसा तो पायरीवरच थांबला. रुमाल नाकाला लावून त्याने तिथूनच विचारलं, "आजी, टाकीवर झाकण आहे का?"

आता आजी ही अशी बाई, की खोटं बोलायचं नाही आणि माझ्याबद्दल वाईट बोलायचं नाही. तिने ताठ मानेने सांगितलं, "आहे की! चांगलं जुन्या लाकडाचं आहे. असं लाकूड आता बघायला तरी मिळतं का? माझ्या सासऱ्यांनी करून घेतलेलं."

तपासनीसाने 'होय' वर खूण केली आणि तो निघून गेला. जन्मभर ज्या कौतुकाने मी फुलून यायचो, त्या कौतुकाची त्या दिवशी मला पहिल्यांदा धडकी भरली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं आजी, मला उलटं करून बघ! पण दरवाजाला करकरण्यापलीकडे काय येतं? आणि आडवं पडल्यापासून तेही बंद झालं होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. टाकीवर झाकण असल्याचे घरातील व्यक्तीनेच सांगितल्यामुळे तक्रार निकाली काढण्यात येत आहे, असं त्यात होतं. मुद्रितशोधकाने ते तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती, शुद्धलेखनाची.

"आई, तू आहे म्हणालीस?"

"मग काय नाही म्हणू? त्याने विचारलं झाकण आहे का. झाकलेलं आहे ना? आपल्या दाराला काय झालंय?" आजीचा आवाज चढला होता, पण मुलाकडे तिला बघवेना.

त्याने करारनामा काढला. त्यात लिहिलं होतं, 'टाकीस मजबूत झाकण बसवून दिले जाईल.' कशाचं झाकण, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांची हजारो पानं तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचा कागद न तपासता सही केली होती. त्याने कपाळाला हात लावला. मग उठून त्याने दुसरा अर्ज लिहिला आणि दोन्ही बाजूंना घेऊन जागेवर येऊन बघा, अशी विनंती केली.

त्यात आणखी दोन महिने गेले. या दोन महिन्यांबद्दल मला फार बोलवत नाही. माझ्या मधल्या फळीला खालून उभी चीर गेली होती. मांजर अंगावरून गेलं तरी ती थोडी रुंदावायची. उद्या सकाळी भिंगरी टकटक करायला येईल आणि माझ्यातून आरपार जाईल, हा एकच विचार माझ्या मनात असायचा. जिला मी पाळण्यात झुलताना पाहिलं, जिची पहिली पावलं मी जुन्या घरात चौकटीतून पाहिली, ती माझ्यामुळे जाईल!

शेवटी एका सकाळी अकराच्या सुमाराला तक्रार कार्यालयाच्या अधिकारी बाई आल्या. गळ्यात दोरीचा चष्मा, हातात फाइल आणि मोजपट्टी. परवासाहेबही आले, इस्त्रीचा सदरा घालून. बाई वास आला तरी थांबल्या नाहीत. कुंड्यांपाशी उभ्या राहून त्यांनी करारनामा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे झाकण?" त्यांनी विचारलं.

"करारात झाकण म्हटलंय, स्लॅब नाही म्हटलेलं," कंत्राटदार म्हणाला. "मजबूत म्हटलंय, तर हे मजबूत आहे. यांच्या आईनेच सांगितलंय तुमच्या माणसाला. विचारा त्यांना."

आजीने पदराने तोंड पुसलं. "म्हणाले होते मी," ती हळूच म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, मला हे पटत नाही. पण मजबूत आहे की नाही, हे मी नुसत्या नजरेने ठरवू शकत नाही. अभियंत्याचा अहवाल मागवावा लागेल. दीडदोन महिने लागतील."

दीडदोन महिने! माझ्याकडे दीडदोन दिवस तरी होते का, कुणास ठाऊक. मुद्रितशोधक हात जोडून म्हणाला, "बाई, घरात लहान मुलगी आहे हो."

"अहो, कशाला घाबरता?" कंत्राटदार हसून म्हणाला. "जुनं लाकूड आहे. याच्यावर दहा माणसं नाचली तरी हलायचं नाही."

भिंगरी दारात आईचा हात धरून उभी होती. एवढ्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द तिला कळला. नाच. आईचा हात सोडवून ती सुटली आणि दोन कुंड्यांमधून थेट माझ्याकडे आली. "मी नाचते! मी नाचते!"

तिचा एक पाय माझ्यावर पडला. आतून मी कडकन वाजलो.

"अगं, नको! मोडेल ते!"

ही हाक आजीची नव्हती, आईचीही नव्हती. ती कंत्राटदाराची होती. तो सगळ्यांत जवळ होता. त्याने झेप घेऊन भिंगरीचा फ्रॉक मागून पकडला, तिला उचललं आणि तिच्यासकट कुंडीवर जाऊन आदळला. कुंडी फुटली. भिंगरीने भोकाड पसरलं. तिच्या आईने तिला त्याच्या हातांतून ओढून घेतलं, छातीशी धरलं, आणि ती मातीतच बसली.

मग बाईंनी पुन्हा चष्मा घातला आणि शांतपणे विचारलं, "मोडेल म्हणालात. तुम्हाला माहीत होतं?"

कंत्राटदाराच्या इस्त्रीच्या सदऱ्याला चिखल लागला होता. तो 'नाही' म्हणू शकला असता. त्याने एकदा भिंगरीकडे पाहिलं. "माहीत होतं," तो म्हणाला. "इकडून जाताना रोज मनात यायचं. मग वाटायचं, परवा करू."

"हे मी लिहून घेऊ?"

"घ्या लिहून."

बाईंनी तिथेच, फुटक्या कुंडीशेजारी उभं राहून निकाल लिहिला. आठ दिवसांत पूर्ण स्लॅब, लोखंडी चौकटीचं काँक्रीटचं झाकण, वायूचा पाइप, पाणी मुरवायचा खड्डा. तोवर टाकीभोवती पत्र्याचं कुंपण, आणि ते आजच. खाली दोघांच्या सह्या झाल्या. मुद्रितशोधकाने यावेळी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि 'काँक्रीटचं' या शब्दाखाली दोनदा रेघ मारून घेतली.

त्याच दुपारी गवंड्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा उलटं केलं. माझं पोट काळंठिक्कर पडलं होतं. एका गवंड्याने मधल्या फळीवर नुसता अंगठा दाबला, तो सरळ आत रुतला. आजी ते बघत होती. तिने माझ्यावर हात ठेवला आणि ती रडली.

काम सातव्या दिवशी पुरं झालं. अधिकारी बाई पुन्हा आल्या आणि नव्या झाकणावर स्वतः उभं राहून मगच त्यांनी सही केली. भिंगरी मात्र आता त्या कोपऱ्याकडे जातच नाही. तिच्या आईला अजून तो कडकन आवाज झोपेत ऐकू येतो.

माझी वरची बाजू अजून बरी दिसते म्हणून काल शेजारच्या घरून एक जण मला मागायला आला होता. त्याच्याकडे नवीन टाकी खणली आहे, दोन दिवसांपुरतं वर टाकायला काहीतरी हवं होतं. आजी तटकन उभी राहिली. "हे दार मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली. मग तिने मुलाला हाक मारली, "सुताराला बोलाव. याचे तुकडे कर म्हणावं, हातभर हातभर. पुन्हा कुठल्या खड्ड्यावर जायला नको हे."

जिने जन्मभर माझं कौतुक केलं, तिनेच हे सांगितलं. सुतार करवत घेऊन आला आहे आणि पायरीवर बसून पाणी पितो आहे. मला भीती वाटते. पण ही भीती फक्त माझ्यापुरती आहे, आणि सात महिन्यांनंतर ती मला फार हलकी वाटते.

मित्रांनो, जमिनीवर एखादं दार, फळी किंवा पत्रा पडलेला दिसला, तर त्यावर पाय ठेवू नका. खाली काय आहे, ते आधी मोठ्यांना विचारा. आणि तुम्ही मोठे झालात, तुमच्यासमोर कुणी तक्ता धरून विचारलं की अमुक आहे का, तर माझी एवढी आठवण ठेवा. 'आहे' म्हणण्याआधी उठून जा, वाकून बघा, आणि जे आहे ते उलटं करून बघा.