छत्री दिसेनाशी झाली तर

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. रंगाने नारिंगी, आठ काड्यांची आणि स्वभावाने भारी घाबरट. मला कसली ना कसली धास्ती लागलेलीच असते. म्हणून गोष्ट सांगताना मध्येच माझा सूर कापरा झाला, तर हसू नका.

माझं कापड शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घालून दोरा तोडला आणि शेजारणीला म्हणाली, "असला भडक रंग कोण घेणार गं? डोळ्यांत खुपतोय नुसता." झालं! ते मनाला इतकं लागलं, की पुढे दुकानात सव्वा वर्ष खिळ्याला लटकताना प्रत्येक गिऱ्हाईकासमोर मी अंग चोरत होते. काळ्या छत्र्या गेल्या, फुलाफुलांच्या गेल्या. मी आपली तिथेच.

मग एके दिवशी गाईडताई आल्या. त्या राजधानीत पर्यटकांना पायी हिंडवत आणि शहर दाखवत. त्यांनी दुकानदाराला मला उघडून उंच धरायला लावलं, स्वतः रस्त्यापलीकडे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "हीच द्या! आंधळ्यालाही दिसेल ही!" ज्या रंगाला सगळ्यांनी नाकं मुरडली, त्याच रंगाने मला काम मिळवून दिलं.

बारा वर्षं मी ताईंच्या हातात राहिले. विधानभवन, वस्तुसंग्रहालय, घड्याळाचा मनोरा, तळ्याकाठची बाग. विधानभवनाच्या दारावरचे पोलीस ताईंच्या आधी मला ओळखत. रोज सकाळी ताई मला उघडून सांगत, "नियम दोनच. एक, छत्री जाईल तिकडे चालायचं. दोन, छत्री दिसेनाशी झाली, तर जिथे असाल तिथेच थांबायचं. मी येते." दुसऱ्या नियमाला लोक हसत. मला मात्र कधी हसू आलं नाही. पंचवीस माणसं माझ्याकडे बघत रस्ता ओलांडायची, आणि माझ्या काड्यांमध्ये धडधड व्हायची. कुणी मागे राहिलं तर?

त्या दिवशी सतरा जण होते. त्यांत दोघी बहिणी होत्या, दोघींनीही सत्तरी ओलांडलेली. थोरलीला सगळे अक्का म्हणत. अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि महिनाभराने ऑपरेशन ठरलं होतं. "आधी डोळे करू, मग जाऊ," असं धाकटी सांगून थकली होती. पण अक्का ऐकेल तर ना! "उद्याचं कुणी पाहिलंय?" म्हणून ती बॅग भरून मोकळी.

अक्का माझ्याकडे बघत ताईंना म्हणाली, "तुमचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा दिसतो हो. पण छत्री ठळक दिसते. मी तिच्या मागे येईन, काळजी करू नका."

काळजी करू नका म्हणे! मला तर तिथेच कापरं भरलं.

वस्तुसंग्रहालयात धाकटी तिला एकेक पुतळा सांगत होती. "राजा आहे. मिशा आहेत. नाक तुटलंय."

"मग ठेवलाय कशाला?" अक्काने विचारलं, आणि सगळे हसले.

दुपारी संग्रहालयामागच्या एका साध्याशा खाणावळीत सगळे बसले. लाकडी बाकं, वाफाळतं सूप, ऑम्लेट आणि पाव. ताईंनी मला मिटून दाराजवळच्या डब्यात उभं केलं आणि आतल्या टेबलावर लोकांना काय हवं ते लिहून घ्यायला गेल्या. अक्का दाराशीच बसली होती. धाकटी हात धुवायला गेली. तिथे रांग होती.

तेवढ्यात पाव संपले. तिथला वयस्कर वेटर घाईघाईने बाहेर निघाला. बाहेर रणरणतं ऊन, आणि त्याच्या डोक्यावर एक केस नाही. त्याने डब्याकडे पाहिलं. "आत्ता आणून ठेवतो," असं पुटपुटला, मला उचललं आणि दारातच उघडलं.

अक्का ताडकन उठली. "निघाले वाटतं!" असं म्हणत तिने पिशवी खांद्याला लावली आणि माझ्यामागे चालू लागली.

अहो, मी काय करू? मला ना तोंड, ना हात. वेटर लांब टांगा टाकत दोन गल्ल्या पार करून गेला. मोठा रस्ता आला. गाड्या सुसाट जात होत्या, आणि मागून अक्का माझ्यावर नजर लावून चालत होती. "थांब गं बाई, थांब," असा माझा जीव ओरडत होता. रस्ता ओलांडून वेटर बेकरीत शिरला, मला मिटलं आणि पिठाने भरलेल्या फळीवर ठेवलं. मग पाव घेऊन, मला काखेत मारून, मागच्या दाराने सावलीच्या गल्लीतून परतला.

अक्का पुढच्या दाराबाहेर राहिली.

वेटरने मला डब्यात ठेवलं आणि कामाला लागला. त्या बिचाऱ्याला मागे कुणी होतं हे ठाऊकच नव्हतं. धाकटी आली. "अक्का कुठेय?" ताईंनी माणसं मोजली. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तशाच धावत संग्रहालयात गेल्या, मनोऱ्याकडे गेल्या, बागेत गेल्या. धाकटीसमोर सूप गार होत होतं. ती म्हणत होती, "लहानपणी गर्दीत हिने माझा हात कधी सोडला नाही. आणि मी हिला सोडून हात धुवायला गेले. फोनही माझ्याकडेच आहे हो." अख्ख्या खाणावळीत ती कुठे आहे हे एकटी मीच जाणत होते. असली शिक्षा वैऱ्यालाही मिळू नये.

तासाभराने ताई घामाघूम होऊन परतल्या. "छत्री! छत्री नेली असती तर तिला दिसले तरी असते!" त्यांनी मला खसकन ओढलं. तळव्याला पीठ लागलं. त्यांनी ते न बघताच कपड्याला पुसलं. पुसू नका हो, ताई! बघा ना!

दोन पावलं टाकून त्या थांबल्या. हाताकडे पाहिलं. "हे पीठ कुठलं?"

वेटरच्या हातातली बशी खाली आली. "ताई, मीच नेली होती. पाव आणायला. ऊन फार होतं."

"उघडून?"

"उघडून."

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. ताई, वेटर आणि धाकटी, तिघं धावत सुटले.

बेकरीबाहेरच्या खांबाला हात टेकवून अक्का उभी होती. तोंड उन्हाने लालबुंद झालेलं. बेकरीवाल्याने स्टूल आणून ठेवलं होतं, पाणीही दिलं होतं. पाणी ती प्यायली, पण स्टुलावर बसली नव्हती. आत यायलाही तयार नव्हती. तो ताईंना म्हणाला, "कितीदा सांगितलं बसा म्हणून. म्हणतात, बसले तर छत्री दिसायची नाही."

ताईंनी मला उघडून उंच धरलं. अक्काने हात वर केला. "आलात का? मी हलले नाही हो. दुसरा नियम."

धाकटीने तिला मिठी मारली आणि मिठीतच रागावायला लागली. ताई त्या रिकाम्या स्टुलावर बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या.

आता माझ्या तीन काड्या मोडल्या आहेत, खटका ढिला आहे. मी ताईंच्या दारामागे असते आणि नवी छत्री कामाला जाते. ती निघताना ताई तिसरा नियम म्हणतात, फक्त स्वतःसाठी: "मिटण्याआधी मागे बघायचं." मित्रांनो, मोडकी म्हणून मला टाकू नका, ही विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती ही, की तुम्हीही तो नियम पाळा. तुमच्यावर नजर ठेवून मागे कुणी चालत असेल. तुम्ही दिसेनासे झालात, तरी ते माणूस उन्हात उभं राहील, आणि हलणार नाही.