रंगाऱ्याचा पास्ता

पौषातली कोवळी, केशरकांती सकाळ येवल्याच्या गच्च्यांवर उतरली आणि उतरता उतरताच रंगीबेरंगी झाली. काल संक्रांत होती, आज करीचा दिवस. आभाळभर पतंगच पतंग. हळदपिवळे, डाळिंबलाल, मोरपंखी, जांभूळगर्द. गल्लोगल्ली हलकडीची वाद्यं कडाडत होती, आणि कुणाचा पतंग कटला की गच्चीगच्चीवरून एकच आरोळी उठत होती, "गई… बोला रे धिन्ना!" सारं गाव मान वर करून जगत होतं.

एका घरात मात्र एक मान भिंतीकडे वळली होती.

ती कुमुदची. विषमज्वर आला, पंधरा दिवस राहिला, आणि जाताना तिच्या जिभेवरची चव घेऊन गेला. त्यालाही आठवडा झाला. पांढरी पेज, पांढरा भात, पांढरं ताक. दोन चमचे कसेबसे घ्यायची आणि वाटी सरकवायची. "माती खाल्ल्यासारखं लागतं हो," म्हणायची, आणि पुन्हा ती भिंत. डॉक्टर काल सांगून गेले होते, औषधांचं काम संपलं, आता अन्न पोटात गेलं तरच ही बाई उभी राहील.

नाही गेलं तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि वामनने विचारलं नाही.

वामन रंगारी. तिचा नवरा. चाळीस वर्षं पैठणीचं रेशीम रंगवणारा, नखांच्या कडांत नीळ कायमची मुरलेला. डाळिंबी म्हणा, तो सात डाळिंबी दाखवील. हिरवा म्हणा, विचारील, कोणत्या महिन्यातल्या पानाचा? स्वयंपाकघरात मात्र त्याची मजल चहापर्यंतच होती, आणि तोही कुमुद म्हणायची तसा, रंगाला चांगला.

चाळीस संक्रांती दोघांनी एकाच गच्चीवर काढल्या होत्या. पतंग त्याच्या हातात, मांजाची बांबूची आसारी तिच्या हातात. समोरचा पतंग कटला की पहिला "गई" तिचा, लांबलचक, चढत जाणारा, तीन गल्ल्यांपलीकडे पोचणारा. मग मागून त्याचा "बोला रे धिन्ना". यंदा आसारी खुंटीवरच होती. दर आरोळीला वामनची नजर त्या खुंटीकडे जायची आणि तिथून भिंतीकडे वळलेल्या त्या मानेकडे.

तेवढ्यात एक कटलेला गुलाबी पतंग भेंडाळत अंगणात येऊन पडला, आणि त्या रंगावरून त्याला कुमुदचा दिवाळीतला टोमणा आठवला. नाशिकला लेकीकडे, केतकीकडे, कुमुदने पहिल्यांदा पास्ता खाल्ला होता. ताट चाटूनपुसून साफ केलं, आणि वर लेकीलाच टोमणा, "रंगाऱ्याच्या बायकोला पांढरं वाढतेस होय गं?"

वामनने फोन लावला. केतकीने सांगितलं ते कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतलं. मैदा, बारीक रवा, मीठ, भाजीचा रस. घट्ट मळायचं. झाकून ठेवायचं. पातळ लाटून कापायचं. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. "बाबा, जमेल ना तुम्हाला?" लेक म्हणाली. तो म्हणाला, "रंगाचंच तर काम आहे."

मग बाजारातून बीट आलं, मातीचं आणि मस्तीचं. पालक आला दवभरला. गाजरं आली, आणि घरची हळद त्यांच्या सोबतीला उभी राहिली. निम्मं पीठ त्याने मागे ठेवलं, निम्मं परातीत घेतलं. पिठात पडला लाल, पिठात पडला हिरवा, पिठात पडला सोन्यासारखा पिवळा, आणि म्हाताऱ्या रंगाऱ्याचे डोळे पोरासारखे चमकले. लाटलं वेडंवाकडं, कापलं त्याहून वाकडं, पण रंग! रंग असे की पैठणीच्या पदराने मान खाली घालावी.

एक लाल पट्टी त्याने पाण्यात सोडून पाहिली. पाणी गुलाबी झालं, पट्टी फिकी पडली.

कच्चा रंग! त्याच्या काळजाला चटका बसला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून कच्चा रंग बाहेर गेला नव्हता, आणि आज, नेमका आज जाणार? रंग धरून ठेवायला रंगाऱ्याजवळ एकच उपाय असतो. तो फळीकडे गेला, डबा काढला, आणि उकळत्या पाण्यात तुरटीची पूड सोडली. चिमूट नव्हे, मूठ.

रंग टिकला. तेजाळ, नितळ, अभंग टिकला. चाखून पाहावं हे त्याच्या मनातही आलं नाही. रंगारी रंग डोळ्यांनीच चाखतो. वर तुपाची धार सोडून तो ताट घेऊन तिच्यापाशी गेला.

"कुमुद, बघ तरी."

ती वळली. पांढऱ्या भिंतीवरून आलेली नजर त्या लालावर, हिरव्यावर, पिवळ्यावर पडली आणि तिथेच थबकली. तिने एक लाल पट्टी उचलली. तोंडात घातली.

कुमुदचे डोळे मिटले. ओठ आवळले. गाल आत गेले. सगळा चेहरा चुरगळलेल्या कागदासारखा झाला.

"थू! अहो, तुरटी?"

वामन जागच्या जागी विरघळला. चाळीस वर्षांचं कसब, आणि बायकोला तुरटी चारली! "रंग सुटत होता गं," एवढंच तो पुटपुटला. मग एकदम थांबला. ताट हातात तसंच धरून तिच्याकडे पाहत राहिला.

"कुमुद… तुला लागली?"

"लागणार नाही तर काय! जीभ आहे का–" आणि तीही थांबली.

आठवड्याभरानंतर तिला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली होती. मातीची नव्हे, पांढऱ्याची नव्हे. तुरट, तिखट रागासारखी तुरट, खरीखुरी चव. ती जीभ टाळूला लावून पाहत राहिली, पुन्हा पुन्हा, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस खिसा चाचपतो तशी. मग तिला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू.

"अहो, मला नेसायचं नाहीये ते, खायचंय! पीठ उरलंय का? मला उठवा."

आणि ती उठली. एक हात भिंतीवर, एक त्याच्या खांद्यावर. तीन आठवडे जिच्याकडे तोंड करून पडली होती, तीच भिंत आता तिला स्वयंपाकघरापर्यंत पोचवत होती.

"पाण्यावर कसला इलाज करता? बीट आटवा आधी. रस घट्ट होऊ दे. रंग पिठाच्या पोटात गेला पाहिजे." बीट आटलं, पालक आटला, गाजर-हळद आटली. तिचे अशक्त तळवे पिठात रुतले. ती दमली की तो मळायचा, तो चुकला की ती. पोळपाटावर पातळ पोळ्या पसरल्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. घडी घातली, सुरी चालली, आणि झरझर झरझर रंगांच्या फिती सुटल्या. रेशमाच्या लडी वाळवायचा बांबू वामनने धुतला, पुसला, अंगणात दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला. उन्हात तीन रंग झुलू लागले.

शेजारच्या गच्चीवरून पतंगवाल्या पोरी वाकल्या. "वामनकाका, हे कुठलं रेशीम?"

"खायचं!" कुमुदनेच उत्तर दिलं.

नुसतं मीठ घातलेल्या पाण्यात तीन मिनिटं. तुपावर लसूण तडतडला, मिरपूड पडली, आणि त्या वासाने कुमुदचं पोट इतक्या मोठ्याने गुरगुरलं की दोघंही एकमेकांकडे पाहू लागली. अंगणातच ताट मांडलं. थोडा रंग सुटलाच होता. वामन ओशाळून म्हणाला, "फिका पडला गं." ती म्हणाली, "पडू दे," आणि खायला लागली.

एक घास. दुसरा. मग घास मोजायचं भान त्याला राहिलं नाही. लसूण तिला लागला, तूप लागलं, बिटाचा मातकट गोडवा लागला, आणि प्रत्येक लागल्याची खबर ती त्याला देत होती, एखाद्या लहान पोरीसारखी. वर उतरतं ऊन पतंगांच्या पोटात शिरलं होतं, आणि सारं आभाळ आतून उजळलं होतं. शेवटी एक लांब पिवळी फीत उरली. तिने ती बोटाभोवती गुंडाळली, वर धरली, आणि गिळली.

ताट खाली ठेवलं. मान वर केली. छाती भरून श्वास घेतला.

"गई…"

चिरका, बारीक, पण लांबलचक आणि चढत जाणारा. गच्च्या गप्प झाल्या. पोरी आभाळात शोधू लागल्या, कुणाचा कटला? वामन ताडकन उठला. आणि त्याचा आवाज चाळीस संक्रांतींच्या जोराने फुटला, "बोला रे धिन्ना!" ती आरोळी शेजारच्या गच्चीने उचलली, तिथून समोरच्या गल्लीने, आणि हलकडी कडाडली.

आभाळात एकही पतंग कटला नव्हता. अंगणात एक ताट रिकामं झालं होतं.